बागेतलं रान, भंगारातला गिअरबॉक्स आणि थांबायला तयार नसलेलं पातं

आमची बाग राजापूर तालुक्यात, सात एकर, आंबा जास्त आणि उतारावर काजू. मी नोकरीला कोल्हापुरात, कारखान्याच्या मेंटेनन्सला. महिन्यातून दोन वेळा अणुस्कुरा घाट उतरून गावी जायचं आणि दर वेळी बागेकडे बघून बाबांशी तोच संवाद. "बेणणीला माणसं मिळाली?" "मिळाली असती तर तुला दिसलं असतं." संपलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाऊस गेला की बागेतलं गवत आणि झुडपं साफ करायची, त्याला आमच्याकडे बेणणी म्हणतात. ती वेळेवर नाही झाली तर पुढे फवारणीला झाडापर्यंत पोचताना हाल होतात, आणि खरी भीती म्हणजे वणवा. जानेवारीनंतर गवत वाळून कागदासारखं होतं, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, कोणीतरी विडी टाकतो नाहीतर मुद्दाम आग लावतो, आणि पंधरा वर्षांची कलमं तासाभरात काळी. आमचा वरचा कोपरा असाच एकदा गेलाय. काजूची एकवीस झाडं.

खांद्यावरचा ग्रासकटर आहे आमच्याकडे, गवताला चांगला आहे, पण चार वर्षं हात न लागलेल्या पट्ट्यात रानमोडी नावाचं झुडपी तण डोक्याच्या वर गेलेलं, त्यात घाणेरी, त्यात करवंदीच्या जाळ्या, आणि मधेमधे किंजळ-ऐनाचे तोडलेले खुंट परत फुटलेले. तिथे तो ग्रासकटर म्हणजे दाढीच्या ब्लेडने नारळ सोलण्यासारखं.

मग त्या पट्ट्यासाठी मी लोडरच्या पुढे लावायचा झुडपं कापायचा कटर घरीच बनवला, त्याची ही गोष्ट. आधी लोडर कसा आला ते थोडक्यात सांगतो. हायवेच्या कामावरच्या एका ठेकेदाराने काम संपल्यावर जुनी यंत्रं काढली, त्यातला एक छोटा स्किड स्टिअर, म्हणजे जागच्या जागी वळणारा लोडर, ज्याला सगळे बॉबकॅटच म्हणतात मग कंपनी कुठलीही असो, आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून घेतला. चिरे, माती, शेणखत हलवायला. पन्नासेक एचपीचं इंजिन आणि पुढे ऑक्झिलरी हायड्रोलिकचे दोन कपलर, म्हणजे पुढे लावलेल्या अवजाराला दाबाचं तेल द्यायची तोंडं. ते कपलर बघितल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"ट्रॅक्टरला स्लॅशर का नाही लावत" हे मला निदान दहा जणांनी विचारलं. अहो, स्लॅशर म्हणजे फिरत्या पात्याने गवत-झुडपं कापणारं अवजार, तो ट्रॅक्टरच्या मागे असतो. म्हणजे आधी ट्रॅक्टर झुडपात घालायचा, टायर काट्यांवरून न्यायचे, खाली जांभ्याचा धोंडा आहे का खड्डा आहे ते दिसत नाही, आणि मग मागून कापत यायचं. लोडरला कटर पुढे असतो. कापलेल्या जागेवरूनच चाकं जातात. शिवाय जाळी मोठी असेल तर कटर उचलून वरून हळूहळू खाली आणता येतो. तयार अटॅचमेंट मिळतात, पण किंमत ऐकली आणि फोन ठेवला. म्हटलं आपण बनवू. बायको म्हणाली "आपण म्हणजे कोण?"

पहिलं काम, लोडर किती तेल देतो ते मोजणं. कागदावर मिनिटाला ६० लिटर. पण यंत्राने हायवेवर धूळ खाल्लेली, कागदावर कोण विश्वास ठेवणार. मग वीस लिटरचा डबा, मोबाईलचं स्टॉपवॉच, होज डब्याला दोरीने बांधलेला, इंजिन फुल रेसवर. २२ सेकंदांत डबा भरला, म्हणजे मिनिटाला ५४ लिटर, आणि मी गुडघ्यापर्यंत तेलात. पण हा आकडा कळला ते बरं झालं, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

गणित असं की १०० सीसीची ऑर्बिट मोटर, म्हणजे तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर, घेतली तर एका फेऱ्याला १०० मिली तेल लागतं, ५४ लिटरला ५४० फेरे. आणि ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, पण ५४० वरच चालतो! म्हणजे स्लॅशरचा गिअरबॉक्स, जो ५४० साठीच बनलेला असतो, तो सरळ या मोटरला जोडता येतो. तो वेग १.९३ पट वाढवतो. गळती-बिळती धरून पात्याला हजाराच्या आसपास आरपीएम मिळायला हवेत. पात्याचं वर्तुळ १.२ मीटरचं ठरवलं, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला साधारण ६३ मीटर, तासाला सव्वादोनशे किलोमीटर. रोटरी कटरला एवढा लागतोच, यापेक्षा फार कमी झाला तर झुडूप कापलं जात नाही, नुसतं झोडपलं जातं आणि फांद्या चिरफाळतात.

गिअरबॉक्स भंगारात मिळाला. बाहेरून बघवत नव्हता पण आतले दात चांगले, दोन बेरिंग आणि तीन ऑइल सील बदलले. आता इथे कोणी म्हणेल की मोटरच्या शाफ्टलाच पातं लावायचं ना, गिअरबॉक्स कशाला? नका लावू. पातं दगडावर आपटलं की तो दणका थेट मोटरच्या शाफ्टवर आणि आतल्या बेरिंगवर जातो, आणि मोटर ही सगळ्यात महाग वस्तू आहे. दणका गिअरबॉक्सने खायचा. त्याचा जन्मच त्यासाठी आहे.

मोटरचा शाफ्ट ३२ मिलीचा चावीवाला, गिअरबॉक्सचा सहा स्प्लाइनचा, म्हणजे खाचांचा. दोघांच्या मधलं कपलिंग मी घाईत घरीच वेल्डिंग करून बनवलं आणि डोळ्याने सरळ दिसतंय म्हणून खूश झालो. डोळ्याला एक मिलीमीटर दिसत नाही. मोटर फिरवली तर अख्खा गिअरबॉक्स डुगडुगायला लागला. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरकडे घेऊन गेलो, त्याने डायल लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. नवीन बनवून दिलं, अर्ध्या तासात.

वरचा पत्रा सहा मिलीचा. चौरस मीटरला ४७ किलो भरतो, त्यामुळे अजून जाड घ्यायचा मोह आवरला. बाजूला सहा मिलीचीच झालर, खाली घासायला दोन स्किड, आणि पुढच्या उघड्या बाजूला साखळ्यांचा पडदा. लोडरला अडकवायची प्लेट मात्र घरी नाही कापली. बकेटच्या मागच्या प्लेटवर पुठ्ठा धरून माप उतरवलं आणि प्रोफाइल कटिंगवाल्याला दिलं. तिचा कोन चुकला तर लॉकच्या पिना बसत नाहीत. वेल्डिंग ७०१८ रॉडने, आणि रॉड आधी गरम करून घेतलेले, कारण कोकणात सप्टेंबरमध्ये रॉडचं पाकीट उघडं राहिलं की ते पापडासारखं सादळतं. सगळं मिळून अडीचशे किलोच्या आसपास.

गिअरबॉक्सच्या खाली पात्याचा आडवा बार आणि त्याच्याखाली डिस्क हॅरोचा जुना २४ इंची तवा, पालथा नाही, वाटीसारखा बसवलेला. खुंट किंवा धोंडा आला की कटर त्या तव्यावरून घसरत वर जातो, पात्याचा बार सरळ जाऊन धडकत नाही. अख्ख्या यंत्रात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार भाग हा. आमच्या गावचे तात्या दोन दिवस येऊन बसायचे, तवा बघून म्हणाले, "ह्यां चालतलां की नाचतलां?" त्यांना माहीत नव्हतं किती खरं बोलतायत.

पाती ट्रकच्या कमानीच्या पाट्याची. स्प्रिंगचं पोलाद आहे, धार टिकते, ठिसूळ नाही. बोल्टवर मोकळी झुलणारी ठेवली, दगड लागला की मागे वळतात. पण भोक पाडायला गेलो तर ड्रिल नुसतं चकाकतं, आत जात नाही. मग फक्त भोकाकडचं टोक गॅसने लाल करून रात्रभर चुलीच्या राखेत पुरून ठेवलं, सकाळी नरम. धारेकडच्या बाजूला ताव लागू दिला नाही.

आणि मग मी माझा शहाणपणा केला. धार लवकर झिजू नये म्हणून तिच्यावर कडक पट्टी वेल्ड केली. दिसायला जबरदस्त. लावायच्या आदल्या रात्री काय वाटलं कोणास ठाऊक, पात्याला रॉकेल चोपडलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं, वरून खडूची पूड टाकली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीत वेल्डिंगच्या कडेने एक बारीक ओली रेघ उमटली, केसाएवढी, तीन सेंटिमीटर लांब. भेग. स्प्रिंगचा पाटा वेल्ड केला की वेल्डच्या शेजारी तो काचेसारखा होतो, हे मला माहीत असायला हवं होतं, बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलीत. दोन किलोचं पातं हजार आरपीएमवर बोल्टला जवळजवळ एक टनाने ओढतं. ते तुटून सुटलं असतं तर कुठे गेलं असतं याचा हिशोब मी त्या रात्री केला आणि झोप गेली. दोन्ही पाती भंगारात. नवीन बनवली, वेल्डिंगचा एक थेंब नाही, बोल्ट १०.९ ग्रेडचे.

नवीन दोन्ही पाती किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलली. दुकानदार म्हणे "कितीला देताय?" चौदा ग्रॅमचा फरक निघाला, जड पात्याच्या मागच्या कडेला ग्राइंडर मारून तो दोन ग्रॅमवर आणला. किती काटेकोर राहायचं हे कोणाला जास्तीचं वाटेल, पण टोकाकडे नुसता १० ग्रॅमचा फरक असला तरी या वेगाला तो साडेसहा किलोच्या धक्क्यासारखा लागतो, सेकंदाला सोळा-सतरा वेळा. बेरिंग किती दिवस सहन करणार.

आता पहिल्या चाचणीचं सांगतो, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलोय.

शेणखताच्या खड्ड्याजवळ मोकळी जागा होती. बाबा, तात्या, शेजारची पोरं सगळ्यांना गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, पलीकडे पाठवलं. लोडर चालू, ऑक्झिलरीचा लिव्हर टाकला, पातं हळूहळू उठलं आणि मग तो आवाज, व्हूऽऽऽ. अंगावर काटा. लेझर टॅकोमीटरवर ९९०. मी खूश, पोरं शिट्ट्या मारतायत. दोन मिनिटं फिरवलं, आता बंद करू म्हणून लिव्हर मधे आणला.

धाडकन आवाज झाला. होज सापासारखा उडाला, कटर एका बाजूला हिसडला, आणि मोटरच्या खालून तेलाची धार, गिअरबॉक्सवरून, तव्यावरून, जमिनीवर. मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो. गडग्यापलीकडून तात्यांचा आवाज, "नाचलां!"

काय झालं होतं? लिव्हर मधे आणला की व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंचं तेल अडवतो. पण पातं थोडंच थांबतंय. तवा, बार, पाती मिळून जे फिरत होतं त्यात जोर किती, तर शंभर किलोचं पोतं तिसऱ्या मजल्यावरून टाकावं तेवढा. ते वजन मोटरला फिरवत राहतं, म्हणजे आता मोटर मोटर राहत नाही, पंप होते. एका बाजूचं तेल ओढते आणि दुसऱ्या बाजूला ढकलते, आणि दुसरी बाजू बंद! रिटर्नच्या होजमध्ये प्रेशर एकदम चढलं, मोटरच्या शाफ्टचं सील त्या बाजूला जोडलेलं, ते बाहेर आलं. होज फुटला नाही हे नशीब. पातं फिरवायचं सगळं गणित मी महिनाभर केलं होतं, ते थांबणार कसं याचं एक ओळसुद्धा केलं नव्हतं.

उपाय दोन, आणि दोन्ही मिळून मोटरच्या किमतीच्या मानाने काहीच नाहीत. एक, मोटरच्या रिटर्नकडून इनलेटकडे जाणारा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारा. काम चालू असताना इनलेटला प्रेशर जास्त, त्यामुळे तो बंद. लिव्हर सोडला की रिटर्नचं प्रेशर वाढतं, व्हॉल्व्ह उघडतो, आणि तेल मोटरमधून निघून परत मोटरमध्येच गोल गोल फिरत राहतं. पातं आपलं आपण दमून थांबतं, आमच्याकडे २५-३० सेकंद घेतं. याचा एक फुकटचा फायदा म्हणजे लिव्हर चुकून उलटा टाकला तर तेल त्या चेक व्हॉल्व्हमधूनच निघून जातं, पातं उलटं फिरतच नाही.

दुसरा म्हणजे केस ड्रेन. मोटरच्या अंगावर एक छोटा तिसरा पोर्ट असतो, त्याला डमी बोल्ट लावून येतो, आणि माझ्यासारखे लोक तो डमी म्हणून तसाच ठेवतात. तिथून एक बारीक लाइन थेट तेलाच्या टाकीत न्यायची, मधे कुठलाही फिल्टर, कपलर, काही अडथळा नको. मग आतून झिरपलेलं तेल सीलवर दाबून बसत नाही. आमच्या लोडरला ड्रेनसाठी वेगळी जागा नव्हती, टाकीच्या फिलर कॅपमध्ये निपल बसवलं. जोडीला मोटरच्या आधी एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरल्यापेक्षा वाढला की तेल सोडून देणारा, १४० बारला लावलेला, कारण लोडर १९० पर्यंत देतो आणि मोटरला तेवढं सोसत नाही. १४० बार आणि ५४ लिटर म्हणजे साधारण सतरा एचपी. तेवढ्यावर मनगटाएवढी झुडपं जातात, सावकाश घेतली तर. त्यापेक्षा जाड असेल तर कोयता आहे, करवत आहे, उगाच यंत्राशी मस्ती नको.

दुसरी चाचणी आठ दिवसांनी. लिव्हर मधे आणला, पातं शांतपणे घरंगळत थांबलं. तात्या निराश होऊन चहाला गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी बागेत घातला. रानमोडी तर लोण्यासारखी. दांडे आत जातात आणि मागे हिरवा-तपकिरी चुरा अंथरलेला राहतो, तो उचलायचा पण नाही, तिथेच कुजतो. करवंदीच्या जाळीवर कटर चार फूट उचलून वरून हळूहळू टेकवत आणला, आवाज जड व्हायला लागला की थांबायचं, परत मोकळा झाला की खाली. कानाने चालवायचं यंत्र आहे हे. डोळ्याला पुढे पाल्याशिवाय काही दिसत नाही.

पाऊण तासाने तेल तापलं. रेडिएटरच्या मागे बघतो तर जाळी दिसतच नाही, नुसती कुसळं. सड्यावरच्या गवताची ती कुसळं ज्यांच्या पँटला चिकटली आहेत त्यांना माहीत आहे, ती निघत नाहीत, आत आत शिरत जातात. रेडिएटरच्या पात्यापात्यांत तशीच शिरलेली. आईच्या जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून ग्रीलवर ताणून बसवली. आता दर वीस मिनिटांनी उतरून ती झटकायची, तेल ७० डिग्रीच्या वर जात नाही. आईला मच्छरदाणीचं अजून सांगितलेलं नाही.

दगडांचं मात्र मस्करीत घेऊ नका. आमची जमीन म्हणजे कातळ, त्यावर वीतभर माती, आणि जांभ्याचे बारके तुकडे सगळीकडे. साखळ्यांचा पडदा बहुतेक अडवतो, सगळे नाही. लोडरच्या पुढच्या बाजूला आधी नुसती जाळी होती, मी तिच्या मागे १२ मिलीची पॉलिकार्बोनेट शीट बसवली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर टक्क झालं. पांढरा फुटका तारा, सुपारीएवढा, बरोबर माझ्या तोंडासमोर. त्या दिवसापासून नियम असा की शंभर मीटरच्या आत माणूस, गुरं, मोटरसायकल काही नको, आणि पातं थांबल्यावरही मनात साठ मोजल्याशिवाय खाली उतरायचं नाही. खाली काम करायचं तर इंजिन बंद, होज काढलेले, आणि कटर उचललेला असेल तर खाली लाकडाचे ओंडके. नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या वस्तूखाली हात घालायचा नाही. बाबा हे सगळं मान्य करतात, फक्त साठ मोजताना सतरा-अठरावर त्यांची घाई सुरू होते.

पाच दिवसांत चार एकर झालं, उरलेलं उताराचं आहे, तिथे लोडर नेणार नाही, आडव्या उतारावर हे यंत्र पटकन कलंडतं. ते खांद्यावरच्या ग्रासकटरनेच. वरच्या बाजूला, जिथून मागे वणवा आला होता, तिथे सड्याच्या कडेने कटरचे तीन पट्टे मारून जाळरेषा काढली, साडेतीनेक मीटर रुंद. चुरा तिथे ठेवून चालत नाही, तो वाळला की तोच पेटतो, म्हणून तेवढा ओढून काढला. ते काम हाताने, दंताळ्याने, मी आणि बाबा.

ती रेषा काढताना रानमोडीखाली जुना गडगा सापडला, आजोबांनी घातलेला. सापडला म्हणजे तव्याला लागला. कटर टुणकन वर उचलला गेला, एक चिरा हलला, पात्याला नखाएवढा खाच पडला. बाबा लांबून ओरडले, काय ते ऐकू आलं नाही. पातं थांबेपर्यंत त्यांनी वाट बघितली, साठ पूर्ण मोजून, आणि मग येऊन आधी चिरा परत जागेवर बसवला.

पाती आता सुटी करून ठेवलीत, धार काढून परत तोलायची आहेत. किराणावाला विचारतोय कधी येताय.